गरम पाण्याच्या टबला गिझरचा पॉइंट पुरेल का?

प्रश्न : नाशिकजवळच्या आमच्या बंगल्याच्या मागील ओट्यावर आम्ही 1200 लिटरचा हॉट टब बसवत आहोत. त्याच्या नेमप्लेटवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, हीटर 3 किलोवॅट, पंप दीड किलोवॅट आणि ब्लोअर 700 वॅट असे लिहिले आहे. गिझरही 3 किलोवॅटचाच असल्यामुळे त्याच 16 अँपिअरच्या पॉइंटवरून टब चालेल, असे आमचे वायरमन म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि कृपया तसे करू नका. गिझर पंधरा-वीस मिनिटांत आपोआप बंद होतो आणि त्याच्या वायरला, सॉकेटला थंड व्हायला वेळ मिळतो. तुमच्या टबातील पाणी 25 अंशांवरून 38 अंशांवर नेण्यासाठी मात्र 3 किलोवॅटच्या हीटरला सलग सहा तास चालावे लागेल. इतका वेळ भार वाहिलेल्या सॉकेटमधून काढलेल्या प्लगची पिन तपकिरी पडलेली आणि भोवतीचे प्लास्टिक मऊ झालेले मी स्वतः पाहिले आहे. शिवाय एकटा हीटरच 13 अँपिअर घेतो; पंप आणि ब्लोअर त्याच वेळी सुरू झाले, की हा आकडा 23-24 अँपिअरवर जातो.

म्हणून मुख्य डीबीपासून (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीपासून) टबापर्यंत स्वतंत्र सर्किट टाकावे, ज्यावर दुसरा दिवाही नसेल. त्यासाठी 32 अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी (भार फार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) आणि 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. पाइपातून जाणारी 4 चौरस मिलिमीटरची वायर आपल्याकडच्या उन्हाळ्यात 32 अँपिअर सुरक्षितपणे वाहून नेत नाही, त्यामुळे येथे काटकसर नको. पंप चालू होताच हीटर आपोआप बंद ठेवणारी सोय काही टबांत असते आणि तेव्हा 16 अँपिअरवर भागते. पण ही सोय उत्पादकाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेली असेल, तरच ती गृहीत धरावी, आणि तेव्हाही सर्किट स्वतंत्रच हवे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एमसीबी वायरचे रक्षण करतो, माणसाचे नाही. ओल्या अंगातून जीव घेणारा प्रवाह एमसीबीच्या दृष्टीने इतका क्षुल्लक असतो, की त्याची तो दखलही घेत नाही. त्यामुळे या सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच ट्रिप होऊन, म्हणजे आपोआप बंद पडून, वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा, आणि टबात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असल्याने तो ए प्रकारचा घ्यावा. चांगले अर्थिंग त्याच्याइतकेच गरजेचे आहे. टबाशेजारची लोखंडी शिडी, कठडा आणि धातूचे नळ हे सर्व त्या अर्थिंगला जोडून घ्यावेत. बंद करण्याचा स्विच टबातून दिसेल, पण पाण्यात बसलेल्याचा हात पोचणार नाही, अशा ठिकाणी जलरोधक पेटीत बसवावा.

एवढा भार वाढणार असल्याने महावितरणकडून मिळालेला मंजूर भार बिलावर आधी पाहून घ्या आणि तो अपुरा असेल, तर वाढवून मिळण्यासाठी अर्ज करा. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या, त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट घ्या आणि नंतर दरमहा आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहा. बटण दाबूनही तो ट्रिप झाला नाही, तर तो बदलेपर्यंत कोणालाही टबात उतरू देऊ नका.