दिवसभराच्या लग्नात लहान मुलांना न्यावे का?

प्रश्न : माझ्या धाकट्या दिराचे लग्न पुढील महिन्यात एका रविवारी दादरच्या कार्यालयात आहे. सकाळी ७ वाजता पुण्याहवाचन, दुपारी १२.३५ चा मुहूर्त आणि संध्याकाळी तेथेच स्वागतसमारंभ. मला पाच वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा आहे. हिवाळ्यात एका मुंजीत धाकटा तासभर रडला आणि ‘मुलांना काही वळण नाही’ असे नात्यातल्या एक बाई सर्वांसमक्ष बोलल्या; ते मला फार लागले. मुलांनी पूर्ण वेळ हजर असावे, अशी सासूबाईंची इच्छा आहे. माटुंग्याला राहणारी माझी मावशी धाकट्याला दिवसभर सांभाळायला तयार आहे. मी काय करावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपण दोन्ही मुलांना अवश्य न्यावे, मात्र धाकट्याने संपूर्ण दिवस कार्यालयात काढावा, ही अपेक्षा सोडून द्यावी. दीड वर्षाच्या मुलाच्या रडण्याचा वळणाशी काहीही संबंध नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते. सातच्या पुण्याहवाचनासाठी मुलुंडहून निघायचे, तर त्याला पाचलाच उठवावे लागेल आणि १२.३५ ला, म्हणजे नेमके त्याचे डोळे मिटू लागतील तेव्हा, ध्वनिक्षेपकावर मंगलाष्टके सुरू होऊन सनई-चौघडा वाजू लागेल. अशा वेळी मूल रडले तर ते आपल्याला थकवा आला आहे, एवढेच सांगत असते.

म्हणून मावशींच्या घराचा उपयोग दिवसभरासाठी न करता मधल्या तासांसाठी करावा, असे मला वाटते. धाकट्याला घेऊन आपल्या पतींनी साडेदहाच्या सुमारास यावे. तो जागा असेल तर अक्षतांपर्यंत थांबावे, पेंगू लागला तर मुहूर्ताची वाट न पाहता त्याला माटुंग्याला पोहोचवावे आणि स्वागतसमारंभाला पुन्हा आणावे. दादरहून माटुंगा एकाच स्थानकावर आहे. (रविवारी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे त्याचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे.) नवरदेवाचा भाऊ म्हणून आपल्या पतींना विधींसाठी बोलावले जाईल, हे खरे आहे, त्या वेळेपुरते मूल कोणाकडे असेल, हे नाव घेऊन आधीच ठरवावे. ‘सगळे आहेतच की’ असे म्हटले जाते, तेव्हा प्रत्यक्षात कोणीच नसते आणि शेवटी मूल आईच्याच कडेवर राहते, हे मी असंख्य कार्यांत पाहिले आहे.

मुलीचा प्रश्न वेगळा आहे. पाच वर्षांच्या मुलीला ‘एका जागी गप्प बस’ असे सांगण्यापेक्षा तिला मान द्यावा. तिला धाकटी करवली करावे, पाहुण्यांना अक्षता वाटायला द्याव्यात, आणि अंतरपाट कशासाठी धरतात, सप्तपदी म्हणजे काय, हे आठवडाभर आधीपासून रात्री गोष्टीसारखे सांगावे. पुढे काय होणार हे ठाऊक असलेले मूल कितीतरी वेळ रमते. खणाच्या परकर-पोलक्याची जर टोचते, तेव्हा आत सुती अस्तर असावे आणि जेवणाआधी साधा फ्रॉक घालावा. लाजाहोमाच्या वेळी धूर होतो, त्यामुळे दोघांनाही होमाच्या अगदी जवळ बसवू नये.

जेवणाचे केटररशी आदल्या दिवशीच बोलून घ्यावे. पंगत बसायला दोन वाजतात, मसालेभात मुलांना तिखट लागतो. साडेअकरापर्यंत वरणभात आणि तूप मिळाले, तर निम्मी कटकट टळते. नैवेद्याआधी मुलांना कसे वाढायचे, असे कोणी म्हणाल्यास संकोच करू नये. आपल्याकडे लहान मुलांना नेहमीच आधी जेवू घातले जाते.

आता सासूबाईंविषयी. नातवंडे सर्वांना दिसावीत, ही त्यांची इच्छा प्रेमाची आहे आणि तिचा मान राखला गेलाच पाहिजे. परंतु हे त्यांच्याशी आपण एकट्याने न बोलता पतींनी बोलावे, आणि तेही लग्नघर पाहुण्यांनी भरण्यापूर्वी. ‘आई, तो दुपारी झोपून आला तर संध्याकाळी तुझ्या कडेवर हसत बसेल,’ एवढे मुलाने सांगितले, तर बहुतेक आजी ऐकतात. कुटुंबाचे छायाचित्रही धाकटा ताजातवाना असताना, सकाळी अकराच्या आतच काढून घ्यावे.