बाबाचा हिशोब

बेटा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पोरगा पुण्याले कंपनीत, पाव्हणे घर पाहून गेले, बारावीचा पेपर झाला की तुझं लगन उरकून टाकू म्हणते बाबा. अन तुले अठरा पूर्ण व्हायले अजून सात महिने.

बाबा वैरी नाही हं तुझा. यंदा कापसाचा चुकारा हातात आहे, पुढच्या साली बोंडअळी काय ठेवते काय माहीत, म्हणून घाई. वरून पोरगी जास्त शिकली की तसाच शिकलेला जावई पाहा, हुंडाही वाढते, हे कोणी तोंडावर बोलत नाही पण घरोघरी चालते. माझ्या बहिणीचं दहावीनंतर असंच झालं. आमच्या बाबानं कृषी केंद्राच्या बिलामागे पेननं मांडलं होतं, कॉलेज, होस्टेल, जाणंयेणं, अन खाली दोन रेघा मारून लगन. मंडप-जेवणाचा खर्च त्यात धरलाच नव्हता, तो नंतर सावकाराकडून आला, चार वर्षं फिटला नाही.

म्हणून मले शिकायचंच म्हणून रडत बसू नको, त्या बिलामागचे आकडे बदलव. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट होता तसं पुढे नाही, सवलतीचा पास मिळते, तो धर. फीचं म्हणशील तर 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरच्या मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन अन परीक्षा फी माफ आहे, घरचं उत्पन्न वर्षाले 8 लाखाच्या आत पाहिजे अन अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर विसरा. अन खरी भीती फीची नसतेच बाप्पा, संध्याकाळच्या गाडीची असते, फाट्यावरून गावापर्यंत अंधारात पायी. त्यावर आईशी बोल, बाबाशी नको. संग येणाऱ्या दोन पोरींची नावं सांग तिले.

तारीख काढलीच तर मात्र लाजू नको. बालविवाह बंदीचा 2006 चा कायदा आहे, आपल्या खेड्यात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असते, अन 1098 ले, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनले, फोन फुकट लागते. मलेही कर, रात्री केला तरी चालते.

तोवर सोमवारी सेतूत जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाक. बाबाले संगच ने, दाखला त्याच्याच नावानं निघते.

तुझी मॅडम