कथा खाणावळवालीकडे वळते आहे, वळू दे

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेचे दोन्ही खर्डे वाचले. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस, "कथा हातातून निसटली, आजोबांवर लिहायचं होतं ते राहूनच गेलं." मला तसं अजिबात वाटत नाही. दुसऱ्या खर्ड्यात तुला तुझी कथा सापडली आहे. शेवटच्या तीन पानांत मात्र तू तिला ओढूनताणून मूळ बेतावर आणलं आहेस.

बेत वाईट नव्हता. लालबागचा गिरणी कामगार, १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप आणि त्यात मोडून पडलेला एक मानी माणूस. पण अडीच लाखांच्या आसपास कामगार ज्या संपात उतरले, त्यातला तुझा आजोबा पहिल्या खर्ड्यात कुणीही असू शकतो. सभेला जातो, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांचं भाषण ऐकतो, घोषणा देतो, शेवटी कोकणात परततो. पुढच्या पानावर तो काय करणार हे मला कळत होतं, कारण लिहिण्याआधीच तुझं सगळं ठरलेलं होतं.

आणि मग ती खाणावळवाली. पहिल्या खर्ड्यात तिच्या वाट्याला दोन ओळी होत्या. दुसऱ्यात ती भात वाढायला वाडगा नेहमीचाच घेते, फक्त दाबून भरत नाही. ती काही बोलत नाही, जेवणारेही बोलत नाहीत. आजोबा तेवढे पानावरून जरा लवकर उठायला लागतात. ही जागा मी पुन्हा पुन्हा वाचली. किती चांगली उतरली आहे! ती तू ठरवून लिहिलेली नाहीस, हेही जाणवतं.

असं का होतं, सांगते. बेत आखताना "संप लांबला" एवढ्यावर भागतं. प्रसंग लिहायला बसलं की संध्याकाळी माणसं जेवायला येतात, कुणाचाच पगार झालेला नसतो, वाण्याची उधारी थकलेली असते, आणि हे सगळं कुणीतरी निस्तरावं लागतं. तुझ्या कथेत ते ती बाई निस्तरते. म्हणून प्रश्नच बदलला. आजोबा हरले का, हा प्रश्न मागे पडला; हिनं कुणाला किती दिवस उधारीवर जेवू घालायचं, हा पुढे आला.

आता ती पुढे आलीच आहे, तर तिचं जगही नीट बघायला हवं. तू तिला थेट सावकाराकडे पाठवलं आहेस. पण गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना बँकेची कर्जं मिळावीत म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. १९८२मध्ये तुझ्या बाईच्या कानावर ते आलेलं असणार. मग ती तिकडे का गेली नाही? की गेली होती, आणि आता हप्ते थकलेत? याचं उत्तर शोधताना कथा आणखी एकदा बदलेल. बदलू दे.

मात्र प्रत्येक वळण खरं नसतं. मुकादमाचा मुलगा आणि शेजारची मुलगी यांचं प्रेम मध्येच सुरू होतं, ते तुला कंटाळा आला म्हणून आलं आहे. ओळखायचं कसं? नवं वळण आल्यावर मागची पानं पुन्हा लिहावी लागतात का, ते बघ. वाडग्यामुळे तुला पहिल्याच पानावर जावं लागेल, कारण संपाआधी ती भात कसा दाबून भरायची ते तिथं दिसायला हवं. त्या प्रेमामुळे मागचं अक्षरही हलत नाही. ते काढून टाक.

माझी बीडीडी चाळीवरची कथा मी पुनर्विकासाच्या वादावर म्हणून सुरू केली होती. लिहिता लिहिता ती दोन बहिणींची झाली; १६० चौरस फुटांच्या खोलीतली आईची भांडी दोघी वाटून घेतात, एवढंच तिच्यात घडतं. वादाला एक वाक्य उरलं. त्या वादाची टिपणं, कात्रणं मी कितीतरी जमवली होती. पण ती वाचली होती म्हणूनच कोणतं भांडं कुणी सोडणार नाही, हे मला लिहिता आलं. तेव्हा तुझ्या आजोबांवरचा अभ्यास फुकट गेला असं मनात आणू नकोस.

शेवटचं भाषण काढ. आजोबा गावी जातात, त्यांची उधारी तिच्या वहीत राहते. त्या पानाचं ती काय करते, ते लिहून बघ. जमलं नाही तर दुसऱ्या तऱ्हेनं लिही. जुने खर्डे फाडू नकोस, त्यातली गिरणीच्या भोंग्याची ओळ लागेल.

या वर्षीच्या दिवाळी अंकात आलीच पाहिजे, ही घाई सोड. तिसरा खर्डा झाला की फोन कर. दादरला भेटू, तिन्ही खर्डे घेऊन ये.

तुझी,
मावशी