माशांची पापणी लवत नाही, मग त्यांचे डोळे कोरडे कसे पडत नाहीत? आणि आपल्यालाच ही उघडझाप कशाला लागते?

बहुतेक माशांना पापण्याच नसतात, कारण पापणीचं काम पाणी आयतंच करून देतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मी लिहायला बसलो ते दुसऱ्या प्रश्नासाठी. माझा डावा डोळा सात आठवडे लवत नव्हता.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा उतरलेला. बेल्स पाल्सी. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस सुजते आणि त्या बाजूचं काहीच हलेनासं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वाकड्या तोंडाची हळहळ. पण खरा त्रास दिला तो डोळ्याने. पापणी उचलणारा स्नायू वेगळ्या नसेवर चालतो, तो शाबूत होता. मिटणारा बंद पडला होता. त्यामुळे डोळा सताड उघडा. मिटायला गेलो की बुबुळ वर सरकायचं आणि फटीतून नुसतं पांढरं दिसायचं. बायकोला ते बघवत नसे.

तिसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी तपासलं, डोळा स्वच्छ निघाला. दिवसा तासातासाला थेंब, रात्री मलम आणि पापणी ओढून वर चिकटपट्टी, असं त्यांनी बजावलं. चौथ्या दिवशी दादा आला. पट्टी बघून म्हणाला, "हे काय लावून बसलायस? मासे जन्मात पापणी मिटत नाहीत, त्यांचं काही अडतं का? जरा हवा लागू दे डोळ्याला." दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याचा शब्द मी कधी मोडला नव्हता, तेव्हाही मोडला नाही. दोन रात्री पट्टीशिवाय झोपलो.

त्यानंतरच्या सकाळी उजेड सहन होईना. डोळ्यात वाळू नाही, काचेचा चुरा भरल्यासारखं खुपत होतं. डॉक्टरांनी पिवळा रंग घातला, निळा दिवा टाकला आणि पडद्यावर मलाच दाखवलं: बुबुळाच्या खालच्या अंगाला आडवा, हिरवा चकाकणारा पट्टा. वरची पापणी जिथवर पोचत नव्हती, बरोब्बर तेवढीच जागा सोलवटली होती.

आता माशांकडे येतो. आपल्या बुबुळावरच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात. ते प्राणवायू घेतं हवेतून, अश्रूंच्या थरातून. हा थर केसाहून कितीतरी पातळ असतो: आत बुळबुळीत चिकट भाग, मध्ये पाणी, वर तेलाची साय. ती साय पाण्याला उडून जाऊ देत नाही. पण थर फार वेळ टिकत नाही, जागोजागी फाटतो. म्हणून आपण मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी लववून तो नव्याने सारवतो. माशाचा डोळा पाण्यातच असतो. उडून जायला काही नाही, धूळ बसली तर वाहत्या पाण्याने धुतली जाते. दादाने मला ज्याचं उदाहरण दिलं, तो डोळा कधी हवेत आलेलाच नव्हता.

जो मासा हवेत आला, त्याचं बघा. निवटी. ओहोटीच्या चिखलावर उड्या मारत फिरणारा, डोक्यावर टपोरे डोळे असलेला मासा. तो पापणी लववतो. डोळा खाली खोबणीत ओढून घेतो, कातडीची लवचीक घडी त्यावरून फिरते आणि डोळा पुन्हा वर येतो. २०२३ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निवटीला अश्रुग्रंथी नसतात, अंगचा चिकट स्राव आणि बाहेरचं पाणी यांवर ती भागवते, आणि डोळा कोरडा पडायला लागला की जास्त वेळा मिटते. घरात कुणी 'मासे बघ' म्हणालं तर त्याला निवटी दाखवा.

बाकीच्यांनीही काही ना काही सोय केलेलीच आहे. सापाच्या डोळ्यावर पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो, कात टाकताना तोही निघतो. बऱ्याच पालींना हलणारी पापणी नसते, त्या जिभेने डोळा चाटून साफ करतात. पक्ष्यांना आडवी सरकणारी तिसरी पापणी असते. काही शार्कनाही तसा पडदा असतो, पण तो ओलाव्यासाठी नाही, भक्ष्याच्या धडपडीत डोळा वाचावा म्हणून. पांढऱ्या शार्कला तो पडदा नसतो, तो हल्ल्याच्या क्षणी डोळाच मागे फिरवतो. हे वाचलं तेव्हा मला माझं वर सरकणारं बुबुळ आठवलं.

दोनतीन गोष्टी राहिल्या. फुगा मासा डोळा मिटू शकतो, म्हणून वर 'बहुतेक' म्हटलं. कीटकांना हे लागू नाही, त्यांच्या डोळ्यावर टणक कवच असतं. मासे झोपतात, उघड्या डोळ्यांनी. आणि मी डॉक्टर नाही. चेहरा एका बाजूने उतरला तर तो पक्षाघातही असू शकतो, त्यामुळे घरी अंदाज करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. बेल्स पाल्सीच असली तरी तिचं औषध ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं. बहुतेकांचा चेहरा पुढे पूर्ववत होतो, माझाही झाला.

डोळ्यावर मात्र फिकट डाग राहिला आहे. रात्री समोरून येणारा दिवा त्या डोळ्याला पसरट दिसतो. दादा आजही म्हणतो, डाग पडायचाच होता, पट्टी असती तरी पडला असता. तिसऱ्या दिवशीच्या तपासणीचा कागद माझ्याकडे आहे. त्यावर डाव्या डोळ्यापुढे 'स्वच्छ' असं लिहिलेलं आहे.