औषध तेच, पाखड मात्र हटत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. नोकरी ऐरोलीत, शेती किन्हवलीजवळ, दीड एकर भात. पाच वर्षं आवणीनंतर, म्हणजे रोपं लावल्यावर, वीसेक दिवसांनी बिसपायरीबॅक सोडियम हे तणनाशक मारतोय. पहिली तीन वर्षं खाचर साफ व्हायचं. गेल्या वर्षी थोडी पाखड, म्हणजे भातासारखं दिसणारं ते गवत, राहिली, यंदा झुबकेच्या झुबके. दुकानदार म्हणतो, गवताला औषधाची सवय झाली, पुढच्या वर्षी डोस दुप्पट करा. करू का?
– एक वाचक, ता. शहापूर

उत्तर : नका करू. आणि तो ‘सवय’ शब्दही दुकानदाराकडेच ठेवा. सवय आपल्याला चहाची लागते. पाखडीचं रोप औषध पिऊन काही शिकत नाही.

लाखो रोपांत एखादं जन्मतःच वेगळं निघतं. बिसपायरीबॅक रोपातलं एएलएस नावाचं एक एन्झाइम बंद पाडतं. त्यामुळे व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन ही अमिनो आम्लं तयार होत नाहीत, वाढ थांबते आणि रोप हळूहळू पिवळं पडून मरतं. ज्या रोपात या एन्झाइमची घडण एखाद्या ठिकाणी बदललेली असते, तिथे औषध चिकटतच नाही. भावंडं मेली, हे उरलं. मोकळी जागा, तुमचा युरिया, सगळं त्याचंच. एक जोमदार रोप हजारोंनी बी सांडतं. आपण लोंब्या निवडून बियाणं ठेवतो ना? तसंच पाच वर्षं तुम्ही पाखडीचं बियाणं निवडलंत, इतकंच. औषध चिकटतच नसेल तर दुप्पट ओतून काय होणार? काही रोपं औषध झटपट पचवून निकामी करतात, हा दुसरा प्रकार. भातही ते असंच पचवतो, म्हणून वाचतो. पण त्यालाही मर्यादा आहे. दुप्पट डोसाने आधी तुमचा भात पिवळा पडेल.

हे सगळं तुमच्याच खाचरात घडलंय, असं मात्र मी पत्रावरून म्हणणार नाही. मुरबाडला कृषी सहायक असताना एका शिवारात मी छातीठोकपणे ‘गवत औषधाला दाद देत नाही’ म्हणून सांगून आले होते. दुसऱ्या दिवशी तिथल्या म्हातारीने मला चिखलात उतरवलं आणि दाखवलं, वाचलेली पाखड जवळजवळ सगळी चुडातच, म्हणजे एकत्र लावलेल्या भातरोपांच्या झुबक्यातच, होती, ओळींच्या मधे नव्हती. म्हणजे ती राबातूनच, रोपं तयार करतात त्या वाफ्यातूनच, भाताच्या मुठीबरोबर लावली गेली होती. फवारणीपर्यंत ती चांगली थोराड झालेली, आणि हे औषध मारायचं ते दोन ते चार पानांवर. मग मरेल कशी?

तेव्हा आधी तुम्हीही चिखलात उतरा. पाखड चुडात असेल तर दोष राबाचा. पट्ट्यापट्ट्याने वाचली असेल तर नोझलचा किंवा चालण्याचा. पण एकाच जागी, एकाच वयाची, एक मेलेली आणि शेजारची हिरवीगार, असं फवारणीनंतर दिसलं होतं का, ते आठवा. असेल, तर प्रतिकाराचा संशय खरा. आणि डोस टोपणाने मोजलात का? 10 टक्क्यांचं द्रावण एकरी 80 मिली लागतं. एकराला दहा पंप होत असतील तर पंपाला 8 मिली. खाचरातलं पाणी आधी काढावं लागतं, नाहीतर बुडालेल्या पानांवर औषध पडतच नाही.

पाखड राबात ओळखू का येत नाही, याची गंमत सांगते. भाताचं पान जिथे खोडाला मिळतं तिथे पातळ पापुद्रा असतो, बाजूला केसाळ कानांसारखं काहीतरी. पाखडीला तिथे काहीच नसतं. एवढा एक फरक सोडला तर काही वाणांनी भाताची हुबेहूब नक्कल केली आहे, कारण शतकानुशतकं वेगळं दिसणारं रोप बायकांच्या हातांनी उपटलं गेलं. म्हणजे निंदणीलाही या गवताने तोंड दिलंय. तुमचं औषध त्यापुढे कालचं पोर.

भारतात हे नवीन नाही. गव्हातलं गुल्ली दंडा नावाचं तण 1990 च्या दशकातच हरियाणात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला बधेनासं झालं. भातात छत्तीसगड आणि केरळमधला एक लव्हाळ्याच्या कुळातला तण नेमका तुमच्याच बिसपायरीबॅकला दाद देत नसल्याचं 2021 साली प्रसिद्ध झालं.

आता पुढच्या वर्षाचं. नुसतं बाटलीवरचं नाव बदलू नका. पेनॉक्ससुलम, पायराझोसल्फ्युरॉन ही सगळी त्याच एएलएसवर चालणारी, एकाच गटातली. वेगळा गट हवा : आवणीनंतर तीन-चार दिवसांत, बी उगवायच्या आत प्रेटिलाक्लोर, आणि मग उरलेल्या कोवळ्या गवतावर गरज पडली तरच सायहॅलोफॉप. खाचरात दोन-तीन बोटं पाणी उभं ठेवलंत तर निम्मं काम पाणीच करतं. राब भाजणं, म्हणजे त्या जागेवर पालापाचोळा जाळणं, सोडलंय का तुम्ही? धुरामुळे मलाही तो आवडत नाही, पण वरच्या थरातलं तणांचं बी त्यात जळायचं, हे खरं. भाजणार नसाल तर गादीवाफा आधी भिजवा, गवत उगवू द्या, ते मोडा आणि मगच भात पेरा.

यंदासाठी एकच काम, आणि ते या रविवारीच. भात कापायला येण्याआधी पाखड झडते. माणसं भिवंडीच्या गोदामांत जातात, मजूर मिळत नाही, ठाऊक आहे मला. दीड एकरातले झुबके घरच्या चौघांनी कापले तरी होतील. कापलेलं बांधावर टाकू नका. त्यातल्या चार-पाच पिकल्या लोंब्या कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. दुसऱ्या पिशवीत, जिथे कधीच औषध मारलं नाही अशा ठिकाणची पाखड. जूनमध्ये दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत पेरा, तीन पानांवर आली की मोजून तेच औषध मारा, आणि तीन आठवड्यांनी कोणत्या डब्यात काय उरलं ते मला कळवा.