भूकंप मिनिटाचा, परिणाम वर्षांचे

"एखाद्या विकसनशील देशात मोठा भूकंप झाला, तर त्या देशावर नेमके काय परिणाम होतात आणि ते किती काळ राहतात?" असे आपण विचारले आहे. मी नागपुरात इमारतींच्या संरचनेचे काम करतो, म्हणून सुरुवात घरांपासून करतो.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि मृतांचा अगदी सावध अंदाजही लाखाच्या घरात जातो. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८ तीव्रतेचा, म्हणजे सुमारे पाचशे पट अधिक ऊर्जेचा भूकंप झाला. तेथे सव्वापाचशेच्या आसपास माणसे दगावली. हैतीत भूकंपाचे केंद्र राजधानीला अगदी लागून होते, हे खरे आहे. पण चिलीने जुन्या भूकंपांतून शिकून बांधकामाचे नियम केले होते आणि ते पाळून घेतले होते, तर हैतीत देशव्यापी बांधकामसंहिताच नव्हती.

आपल्याकडचे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे सुमारे आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होतो आणि नागपुरातून मदतीला गेलेल्या मुलांबरोबर तेथे पोहोचलो होतो. पडलेल्या भिंती पाहताना एक गोष्ट ध्यानात आली, ती आजही विसरलेलो नाही. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये माती आणि चिपा, आणि दोन्ही थरांना आरपार बांधून धरणारा लांब दगड कुठेच नाही. त्यामुळे हादऱ्यासरशी दोन्ही थर एकमेकांपासून सुटले होते. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छप्पर होते, आणि गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवत नेल्याने तो भार झोपलेल्या माणसांवर आला. हे अडाणीपण नव्हते. उन्हाळ्यात गारवा देणारे, गावातल्या दगडमातीत उभे राहणारे घर तेवढ्या पैशांत दुसरे कोणते बांधता आले असते? शिवाय त्या काळच्या भूकंपधोक्याच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नागपूरही आज अशाच कमी धोक्याच्या पट्ट्यात गणले जाते, आणि म्हणून येथे खांबातल्या उभ्या सळयांना बांधून धरणाऱ्या रिंगांची टोके नीट आत वळवा असे सांगितले की "आपल्याकडे कुठे भूकंप होतो?" हे उत्तर मला साइटवर नेहमी ऐकावे लागते.

आता नुकसानीच्या आकड्यांकडे वळतो, कारण तेथेच बहुतेकांची दिशाभूल होते. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळमधील भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि पाच लाखांच्या आसपास घरे पूर्ण कोसळली. (तो शनिवार होता आणि शाळांना सुट्टी होती, हजारो वर्गखोल्या रिकाम्या असताना पडल्या.) एकूण हानी सुमारे सात अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ एक तृतीयांश धरली गेली. पण गरिबाचे घर पैशांत मोजले तर स्वस्त असते, म्हणून या बेरजेत ते लहान दिसते. त्या कुटुंबाचे मात्र सर्वस्व गेलेले असते.

आमच्या वसाहतीत रात्रीची राखण करणारे एक नेपाळी गृहस्थ आहेत; सगळे त्यांना दाजू म्हणतात. त्यांचे गाव सिंधुपाल्चोक जिल्ह्यात आहे, जेथे सर्वांत जास्त मृत्यू झाले. दोन दिवस ते फोन कानाला लावून फाटकाशी बसून होते. घरची माणसे वाचली, घर आणि दोन म्हशी गेल्या. सप्टेंबरमध्ये देशाची नवी राज्यघटना आली, पाठोपाठ सीमेवरून होणारा इंधनाचा व औषधांचा पुरवठा काही महिने अडला, आणि पुनर्निर्माण प्राधिकरण उभे राहायला डिसेंबर उजाडला. तोवर एक पावसाळा पत्र्याखाली निघून गेला होता आणि हिवाळाही तेथेच काढायचा होता. घरासाठीचे अनुदान पुढे तीन लाख नेपाळी रुपये झाले, म्हणजे आपले सुमारे एक लाख सत्त्याऐंशी हजार. तेही तीन हप्त्यांत: पहिले पन्नास हजार करारानंतर, पुढचे पाया तपासून झाल्यावर. डोंगरावर सिमेंट आणि सळई चढवण्याचा खर्चच इतका होता की दाजूंना सावकाराकडून कर्ज काढावे लागले, आणि दहावीला असलेला मुलगा शिक्षण सोडून आखातात कामाला गेला.

असे मुलगे, असे कर्ज आणि असा पत्र्याखालचा काळ हजारोंनी गुणला की देशावरचा परिणाम दिसू लागतो. कमावती पिढी बाहेर जाते, तिने पाठवलेला पैसा शेती, जनावरे किंवा शिक्षण यांऐवजी भिंती उभारण्यात जातो, आणि सरकारचा विकासाचा निधी पुनर्बांधणीकडे वळतो. हैतीत तर भूकंपाच्या नऊ महिन्यांनी कॉलरा पसरला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने सुमारे दहा हजार बळी घेतले.

दाजूंचे घर अखेर उभे राहिले. पूर्वी ते दुमजली होते. खाली जनावरे, मध्ये माणसे आणि माळ्यावर मक्याची कणसे असत. आताचे घर अनुदानात बसावे म्हणून एका खोलीचे बांधले आहे, आणि मका कुठे ठेवायचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही.