वर्ग कोण झाडतं, खिचडी कोण वाढतं?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. पट ३०. जातीवरून कुणी कुणाला बोलत नाही. तरी झाडू ठरावीक मुलामुलींच्याच हातात दिसतो, आणि पोषण आहार वाढायला भलतीच मुलं पुढे येतात. हे मोडायचं कसं?
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : समतेवरच्या भाषणाने हे मोडत नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालण्याआधी वर्ग कोण झाडतं, तेवढं पाहा.

दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखा : झाडणं, पाणी भरणं, वाढणं, ऑफिसात निरोप नेणं. ‘समोर दिसलं त्याला सांगितलं’ असं आपण म्हणतो; पण नेमकं समोर दिसतं ते ‘नाही’ म्हणू न शकणारं पोर.

मग सहा-सहा जणांचे पाच गट करा, तेही चिठ्ठ्या टाकून. बाकांप्रमाणे केलेत तर वस्तीप्रमाणेच गट पडतील. झाडणं, पाणी, वाढणं, फळा-पुस्तकं, परिपाठाची तयारी ही पाच कामं दर सोमवारी पुढे सरकवा. घोळ होतो तो अदलाबदलीत : ‘तू झाड, मी वाढतो.’ ती अजिबात चालू देऊ नका. कुणी गैरहजर असेल तर काम त्याच्याच गटाने उरकायचं. संडास धुणं या यादीत नकोच. ते मुलांचं काम नव्हे.

एखादं मूल ठरावीक हातची खिचडी टाळेल. वाढणारा बदलू नका, टाळणाऱ्याला सगळ्यांदेखत झापूही नका. आहाराची चव शिक्षकांनी आधी घ्यायचीच असते; ती त्याच वाढप्याकडून, मुलांसमोर घ्या. त्या मुलाच्या पालकांशी शाळा सुटल्यावर बोला.

शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचणं हीही तीच गोष्ट. मुलाची जात एका मिनिटात जाहीर होते आणि वर्षभर चिकटते. एक दिवस ठरवून सगळ्यांनाच एकेक करून टेबलापाशी बोलवा, कागद तपासा; कुणाचा जातीचा दाखला हवा, कुणाचं बँक पासबुक, ते तिथेच हळू सांगा.

‘आमचं पोर झाडणार नाही’ म्हणत पालक येतीलच. म्हणून कामांचं वेळापत्रक आधीच शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून इतिवृत्तात नोंदवून घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात आणि वंचित गटांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. ते पालक बैठकीला नसतील तर वेळ बदला. मजुरीच्या वेळेत बैठक ठेवली की सहीपुरतेच येतात.